गाडीचं माप आतूनही घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाडी घेताना काय पाहावं, यावर पानभर लेख आला होता. इंजिनाचा आवाज, टायरची झीज, विम्याचे दावे, मीटर मागे फिरवलाय का, सगळं होतं. गाडीत बसणाऱ्या माणसावर मात्र अर्ध्या ओळीत भागवलंय : 'मागे ऐसपैस जागा'. मी चाळीस वर्षं सांगलीत, खणभागात, पॅन्ट-शर्ट शिवले. गिऱ्हाईक न बघता कापडाला कात्री लावली तर काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

माझी स्वतःची उंची पाच फूट चार इंच. दोन्ही मुलं सहा फूट दोन. उंची त्यांच्या आईच्या माहेरची, शिराळ्याकडची. तिच्या भावांना आमच्या घरात शिरताना अजूनही वाकावं लागतं. थोरला कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, धाकटा पुण्यात. आमची आधीची छोटी गाडी मी चालवत होतो तोवर कुणाची तक्रार नव्हती. थोरला चालवायला लागला आणि क्लच दाबून पाय वर घेताना त्याचा गुडघा दर वेळी स्टिअरिंगला लागायला लागला. धाकटा मागे तिरका बसायचा, दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून, पाहुण्यांकडे बायका बसतात तसा. सांगलीहून पुणं म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. पेठ नाक्यापर्यंतच त्याचे पाय मुंग्यांनी भरायचे. शेवटी सूनबाई म्हणाल्या, "मामा, आता मोठी गाडी बघूया. जुनी चालेल, पण बसता आलं पाहिजे."

गाडीबाजारात पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की 'उंच माणसांसाठी गाडी दाखवा' हे सांगणं पुरेसं नाही. दोघांच्या उंचीत अर्ध्या इंचाचाही फरक नसेल, पण पॅन्टच्या लांबीत तीन इंचांचा आहे. थोरल्याची पॅन्ट ४२, धाकट्याची ४५. म्हणजे थोरला धडाने उंच, धाकटा पायांनी. एका जुन्या सेडानमध्ये, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बसक्या गाडीत, दोघांना मागे बसवलं. धाकटा पाय लांब करून म्हणाला, हीच घ्या. थोरल्याचं डोकं छताला टेकलं होतं, तो मान कलती करून गप्प बसला होता. मग एका उंच बांध्याच्या छोट्या गाडीत बसवलं, तर थोरला खूष आणि धाकट्याचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतलेले.

त्या रात्री मी दोघांना भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसवलं आणि स्टुलापासून डोक्यापर्यंत टेप लावला. थोरला ३९ इंच, धाकटा साडेछत्तीस. मग पाठ भिंतीला टेकलेली असतानाच मागच्या बाजूपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. हे आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले आणि पुढचे दोन महिने टेप गळ्यात घालूनच गाड्या बघितल्या. एजंट हसायचे. "काका, गाडी बघताय का सफारी शिवताय?" हसू देत. सीटच्या बैठकीपासून छतापर्यंत, पाठीच्या कलाने टेप धरायचा. माणूस बसला की स्पंज इंचभर दबतो, तो हिशेबात धरायचा. आणि डोक्यावर चार बोटं आडवी मावली पाहिजेत, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला टाळू आपटते. छतात काचेची खिडकी असलेली गाडी दिसायला झकास, पण त्या खिडकीची चौकट आणि सरकायची जागा छताच्या आतूनच काढलेली असते. इंच-दीड इंच तिथेच जातो.

कंपन्या जे आकडे छापतात ते वाचायची एक पद्धत मला हळूहळू जमली. शोरूमवाले 'व्हीलबेस' म्हणतात ते म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर. पायांची जागा बहुतेक त्यातून निघते. गाडीची उंची ही डोक्याची जागा. २०१९ ची वॅगन आर आणि त्याच सुमाराची स्विफ्ट घ्या. व्हीलबेस जवळजवळ सारखा, २४३५ मिलिमीटर आणि २४५०. उंची मात्र १६७५ आणि १५३०, म्हणजे पावणेसहा इंचांचा फरक. माझ्या थोरल्यासाठी वॅगन आर उत्तम. एर्टिगाचा व्हीलबेस २७४०, म्हणजे वॅगन आरपेक्षा बरोबर एक फूट जास्त. एका फुटात शिंपी काय काय करू शकतो ते शिंप्यालाच विचारा. पण त्यातच तीन रांगा बसवायच्या, हेही खरं. इनोव्हा क्रिस्टाचा व्हीलबेस २७५०, एर्टिगापेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर जास्त. बाहेरून मात्र ती केवढी मोठी दिसते. म्हणून आकडा वाचून निघायचं आणि बसून ठरवायचं.

सात सीटवाल्या गाडीत सात उंच माणसं बसतात, या भ्रमात राहू नये. शेवटची रांग नातवंडांची. तिथे जमीन उंच आणि सीट बुटकी असते, त्यामुळे गुडघे छातीशी येतात आणि मांडी सीटला टेकतच नाही, सगळा भार बुडावर. लांब पायांच्या माणसाला गुडघ्यापुढच्या जागेइतकीच मांडीखाली सीटही हवी, ही गोष्ट धाकट्याने मला शिकवली. जी सीट मांडीच्या मध्यावर संपते तिच्यावर तासाभराने पाय बधिर होतात. विक्रेत्याला हे विचारलं की तो स्पीकर किती आहेत ते सांगतो.

थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे गाडीला टेप लावणारं सरकारही आहे, पण बाहेरून. चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोलला १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन, की कर कमी. २००६ पासूनची ही पद्धत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर अशा छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के जीएसटी आहे. म्हणून तर डिकी कापून चार मीटरच्या आत कोंबलेल्या सेडान रस्त्यावर दिसतात. गिऱ्हाइकाने सव्वा मीटर कापड आणायचं आणि त्यातच शर्ट काढा म्हणायचं, तशातला प्रकार. नवी मोठी गाडी म्हणूनच आमच्या आवाक्याबाहेर आणि जुनी मोठी गाडी आवाक्यात.

आता मुख्य प्रसंग. एका एजंटाने सात सीटवाली गाडी दाखवली. "सिंगल हँड, डॉक्टरांनी वापरलीय, इंजिन पेटी पॅक." (सांगलीतल्या डॉक्टरांनी आयुष्यात किती गाड्या वापरल्या असतील, देव जाणे.) रंग चकाचक, आत नवी कोरी सीटकव्हरं, अत्तराचा घमघमाट. थोरल्याने सवयीप्रमाणे पुढची सीट शेवटपर्यंत मागे ढकलली. ती मध्येच अडली. पुन्हा जोर लावला, तर खालून कर्र आवाज. एजंट म्हणाला, "एवढी मागं कोण घेतंय हो, कुणी घेतलीच नसंल म्हणून घट्ट झालीय." पटण्यासारखं होतं. पण मी गुडघ्यावर बसून सीटखाली बघितलं. ज्या दोन पट्ट्यांवरून सीट सरकते त्या मागच्या टोकाला लालभडक गंजल्या होत्या.

मग माझा हात आपोआप शिलाईकडे गेला. कव्हरची कडा उलटून खालचं मूळ कापड पाहिलं. सीटचं कापड स्पंजाला तारेच्या कड्यांनी आवळलेलं असतं. त्या कड्याही गंजलेल्या आणि प्रत्येक कडीभोवती तपकिरी डाग पसरलेला. पाठीवर आडवी फिकट रेघ, एका पातळीत, या दारापासून त्या दारापर्यंत. असली रेघ सांगलीकराला समजावून सांगावी लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात, कृष्णेच्या पुरात, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या घरात गेलं, तेव्हा माझ्या दुकानातल्या खालच्या दोन फळ्यांवरच्या कापडावर हीच रेघ उमटली होती. कापड तीनदा धुतलं, रेघ गेली नाही. सूनबाईंनी मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यात वाळलेला गाळ होता आणि त्याला तोच पुराचा वास. अत्तराच्या वरताण.

मी एजंटाला एवढंच म्हटलं, "डॉक्टर नदीकाठी राहत होते वाटतं." तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आपल्या लेखात इंजिन तपासायला सांगितलंय ते योग्यच, पण पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन साफसूफ करून पूर लपवता येतो. सीट पुढेमागे शेवटपर्यंत सरकवून बघा. हे फक्त उंच माणसालाच सुचतं, कारण त्यालाच ते लागतं.

सीटकव्हरांवरही दोन शब्द लिहिले पाहिजेत, हा तर माझाच प्रांत. लोक हौसेने जाड रेक्झिन आणि आत स्पंजाची अस्तरी घालून कव्हरं शिवून घेतात. बैठक इंचभर वर येते आणि पाठ इंचभर पुढे. उंच माणसाची दोन्ही बाजूंनी गळचेपी, आणि दोष गाडीला. जुनी गाडी बघताना कव्हर काढून बसा. मालक नाही म्हणाला तर का नाही म्हणतो ते बघा. ड्रायव्हरची सीट खालीवर होते का, तेही बघावं. काही गाड्यांत ती फक्त महागड्या मॉडेलात होते, आणि शेजारची सीट तर बऱ्याच गाड्यांत होतच नाही.

अखेर विट्याकडच्या एका गृहस्थांकडून थेट एर्टिगा घेतली, २०१९ ची, पेट्रोल, एमएच १० पासिंग, म्हणजे सांगलीचीच. मधली रांग पुढेमागे सरकते, हे मला सगळ्यांत आवडलं. कपड्यात शिलाईच्या आत आपण जसं जादा कापड, म्हणजे माया, ठेवतो तशी ही जागेतली माया. लागेल तशी सोडायची. शेवटची रांग आम्ही पाडूनच ठेवलीय, तिथे सामान. कागदपत्रांचं लेखात आलंच आहे. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं म्हणून बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर, एवढं केलं की झालं.

बसायची मांडणी मात्र आमची आम्ही बेतली. गाडी चालवतात सूनबाई. त्यांची उंची पाच फूट एक, सीट पुढे ओढलेली, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे सगळ्यांत जास्त जागा. तिथे धाकटा. थोरला पुढे शेजारी. त्याला छत पुरतं, पाय कसेही मावतात. त्याच्या मागे मी, मला कुठेही बसवा. घरातल्या उंच माणसाने चालवलंच पाहिजे असा एक समज असतो. तो सोडला की तीच गाडी आणखी दोन-चार इंच मोठी होते. गेल्या महिन्यात पंढरपूरला जाऊन आलो. धाकटा पूर्ण रस्ता सरळ बसला होता. मिरज ओलांडेपर्यंत तर झोपलासुद्धा.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. डोक्यामागची उशी वर ओढता येते का आणि वर ओढून ती तिथेच अडकते का, हे तपासलं नव्हतं. उंच माणसाच्या बाबतीत ती मानेमागेच राहिली, तर मागून धडक बसल्यावर डोकं तिच्यावरून मागे जातं आणि मान दुखावते. उशीचा माथा निदान कानाच्या वरच्या टोकाइतका हवा. काही जुन्या गाड्यांत मागच्या उशा सीटमध्येच शिवलेल्या असतात, त्या वर येतच नाहीत. आमच्या नशिबाने आमच्या येतात.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एका गाडीची ओळख येते. तीत मायलेज असतं, डिकीत किती लिटर मावतात ते असतं. एक ओळ वाढवावी, अशी विनंती आहे. पुढची सीट पूर्ण मागे घेतल्यावर मागच्या माणसाच्या गुडघ्यापुढे किती इंच उरतात, आणि पुढे व मागे बैठकीपासून छतापर्यंत किती इंच आहेत. टेप पंचवीस-तीस रुपयांना मिळतो. आणि लेखाखाली लेखकाच्या नावाशेजारी त्यांची उंचीही छापावी. ज्यांनी 'मागे ऐसपैस जागा' असं लिहिलंय, ते माझ्या उंचीचे असावेत असा मला दाट संशय आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिंपी
खणभाग, सांगली