काका, तुमच्या त्या पेन्सिलीच्या रेघेबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

घरी आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू नका म्हणालात, तेवढं पाळते.

गेल्या दिवाळीआधी आमची संस्था सहा लाख रुपये मोजायला निघाली होती. पुण्यातल्या कर्वेनगर-वारज्यात घरकाम करणाऱ्या बायकांसोबत आमचं काम. त्यांचा स्वतःचा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे वस्तीपुरतं, वस्तीतल्या लोकांच्या सहभागाने चालणारं छोटं स्टेशन, हे आमचं जुनं स्वप्न. एका मध्यस्थाने सांगितलं, अमुक संस्थेला परवानगी मिळाली आहे, स्टेशन मात्र उभंच राहिलं नाही. ती तुमच्या नावावर करून देतो. अमेरिकेतला माझा भाचाही म्हणाला, तिकडे असे व्यवहार होतात. मुदत ठेव मोडायचा ठराव झाला. त्याच्यावर सचिव म्हणून माझी सही आहे.

तुम्ही आला होतात फक्त स्टुडिओतला मिक्सर, म्हणजे माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र, कोणता घ्यावा ते सांगायला. कागद बघायला मागितलेत, चष्मा कपाळावर सरकवून पानं डोळ्यांजवळ धरलीत आणि एका कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारलीत. परवानगी हस्तांतरित करता येणार नाही, असं तिथे सरळ छापलेलं होतं. आम्ही सात जणांनी ते पान वाचलं होतं!

मग समजावलंत. अमेरिकेत स्टेशन बांधण्याचा परवाना वेगळा मिळतो, बांधायला तीन वर्षं असतात, आणि तिथल्या दळणवळण आयोगाच्या मंजुरीने तो न बांधताच दुसऱ्याला विकता येतो. आपल्याकडे कम्युनिटी रेडिओची परवानगी संस्थेचं तीन वर्षांचं काम बघून, त्याच संस्थेला देतात. "हवेतल्या लहरी लोकांच्या आहेत, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. लोकांची वस्तू हे तुम्हाला विकणार कशी?" तुमचा आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा जन्म एकाच साली, १९५३ ला. त्या केंद्रात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे सांगितलं, म्हणून आमच्या अध्यक्षांनीही ऐकलं.

पण मला सर्वांत जास्त ऋण वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. जिच्याकडे ती परवानगी होती, त्या दुसऱ्या संस्थेतही तुम्ही मला घेऊन गेलात. मी मनातून चिडलेली होते. तिथे भेटले एक थकलेले मुख्याध्यापक. सल्लागारांच्या फीपायी त्यांची देणगी संपली होती, आणि बुडालेले पैसे कसे तरी परत मिळावेत एवढीच त्यांची इच्छा होती. कपाटात मिक्सर होता, वरचं प्लास्टिकही न काढलेला. चार माइक खोक्यातच. तुम्ही त्यांना म्हणालात, परवानगी सरकारला परत करा, त्यात कमीपणा नाही. सामान मात्र तुमचंच आहे, ते विका. रीतसर बिल करून ते आम्ही घेतलं. सरांचे डोळे भरून आले होते.

अर्जही तुम्हीच भरून घेतलात. आमच्या गच्चीवर चढून वेताळ टेकडीकडे बोट दाखवलंत: "पलीकडे पाषाणला आवाज जाईल अशी आशा धरू नका. शंभर वॉट, तीस मीटरपर्यंत अँटेना, पाच-दहा किलोमीटर. तुमच्या बायका राहतात तिथवर पोचलं की झालं." निम्मे कार्यक्रम तरी त्यांच्याच सहभागातून व्हायला हवेत, हा नियम तुम्ही इतक्या आनंदाने वाचून दाखवलात की दुसऱ्या दिवशीच आम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं. परवानगी येईल तेव्हा येईल. एका मावशींनी पगारी सुट्टीवर बारा मिनिटं बोलून ठेवलंय, एकदाही न अडखळता.

ते ऐकायला रविवारी पाच वाजता याच. जिन्यातला दिवा गेलाय, मी खाली थांबते.

तुमची कृतज्ञ,
संस्थेची सचिव