आई-बाबा, महालक्ष्मी एक्सप्रेसनं या!

मुंबई, १८ जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

नुसते फोटो पाठवू नकोस, काय पाहिलंस तेही लिही, असं आई फोनवर म्हणाली होती. म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोटोंच्या प्रिंट याच पाकिटात आहेत आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं जागेचं नाव घातलं आहे.

काल उजाडतानाच ओव्हल मैदान गाठलं. बाबा, ‘ऊन पाठीशी घे’ हे तुमचं सांगणं लक्षात ठेवून अख्खा दिवस आखला होता. या मैदानाच्या दोन बाजूंना दोन वेगळे काळ उभे आहेत. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार कमानींचं. पश्चिमेला १९३० नंतर उठलेल्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती. पूर्वेकडच्या इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता. पुढे भर घालून जमीन केली आणि तिथे ही दुसरी रांग आली. या दोन्ही रांगांसह ९४ इमारतींना युनेस्कोनं २०१८ साली जागतिक वारसा ठरवलं.

सकाळी ऊन पश्चिमेच्या रांगेवर पडतं. तेही एकदम नाही. सूर्य हायकोर्टाच्या आड असतो, त्यामुळे आधी वरचे मजले उजळतात आणि मग ऊन एकेक गॅलरी उतरत खाली येतं. गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर पापण्यांसारखे छज्जे, दारावर सिमेंटमध्ये उठवलेली इमारतीची नावं. ‘शिव शांती भुवन’च्या दर्शनी भागाची प्रिंट नीट बघ आई, तिथली नक्षी तुला आवडेल. लोक राहतात या घरांत. एका गॅलरीत आजी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचा फोटो मात्र काढला नाही, घर त्यांचं आहे.

मधल्या वेळात हुतात्मा चौकात जाऊन आले. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, आणि शेजारीच १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला २१ नोव्हेंबर १९५५चा गोळीबार इथलाच. तिथे मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

गेटवेला दुपार झाली. तिथले फोटोग्राफर अजून आहेत. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याचा अल्बम आणि जवळच छोटा प्रिंटर. एक काका एका नवऱ्यामुलाला बोटांची चिमूट धरायला लावून ताजचा घुमट त्या चिमटीत बसवत होते. ‘हात जरा वर, अजून वर, बस!’ दोनच मिनिटांत प्रिंट त्या जोडप्याच्या हातात. प्रत्येकाकडे मोबाइल असताना हे लोक अजून टिकून आहेत याचं मला फार कौतुक वाटलं. तुमचा लग्नानंतरचा गेटवेचा फोटो अशाच कुणीतरी काढून पोस्टानं मिरजेला पाठवला असणार, नाही का?

तिथून सीएसएमटी. स्टेशनचं तोंड पश्चिमेला, म्हणून दुपार कलल्याशिवाय तिथे कॅमेरा काढून उपयोग नाही. बाबा, मंत्रालयाच्या कामासाठी तुम्ही इथेच उतरायचात. बगलेत फाइल आणि रात्रीची परतीची गाडी गाठायची घाई. मान वर करायला सवड कुठली? म्हणून तुमच्यासाठी लांबची लेन्स लावून वरचं सगळं जवळ आणलं आहे. घुमटावरच्या बाईच्या उंचावलेल्या हातात मशाल आहे आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. दर्शनी भिंतीवर कोरलेल्या चेहऱ्यांत आपले नाना शंकरशेटही आहेत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, त्यामागच्या खटपटीत ते होते. साहेबांच्या रांगेत तो पगडीवाला चेहरा सापडला तेव्हा ऊर भरून आला. खालून रोज लाखो माणसं जातात, त्यांतल्या प्रत्येकाला थांबवून तो दाखवावा असं वाटलं.

संध्याकाळी परत ओव्हलवर. आता पाळी पूर्वेच्या रांगेची. मैदानावर सावली पसरली होती, क्रिकेटवाल्या मुलांना चेंडू दिसेनासा होत होता, तरी राजाबाई टॉवरचा माथा उन्हातच होता. कुर्ल्याचा पिवळसर दगड त्या उन्हात असा काही खुलतो! १८७८ साली पुरा झालेला हा टॉवर २८० फूट उंच आहे. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव टॉवरला द्यायला लावलं. त्या माउलीला दिसत नव्हतं आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, तेव्हा घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळायची, असं सांगतात. वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, प्रत्येकाचा पोशाख वेगळा. खालून ते ठिपक्याएवढे दिसतात. प्रिंट भिंगाखाली धरून बघा.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं तुम्ही माझ्या फोटोंतूनच बघावं, हे मला पटत नाही. आई, गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. चालायचं काही नाही. महालक्ष्मी रात्री मिरजेहून निघते आणि सकाळी सीएसएमटीलाच सोडते. तिथून टॅक्सीनं ओव्हल, घडीची खुर्ची मी आणेन. सकाळी एका बाजूला तोंड करून बस, मग घरी जेवून झोप काढ, आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला तोंड करून बस. दोन्ही रांगा बसल्या जागी बघून होतील. बाबा, तुमचा जुना क्लिक थ्री कॅमेरा कपाटात असेल तर बरोबर घ्या. त्याचा १२०चा फिल्म रोल मी आणून ठेवते. बारा फोटो तुम्ही तुमच्या हातानं काढा.

फेब्रुवारी संपायच्या आत यायला हवं, नंतर उन्हाचा त्रास होतो. खालचे दोन बर्थ मिळतात का ते आजच बघते. तुम्हाला कुठला शनिवार चालेल तेवढं फोनवर कळवा.

तुमची,
चिमी