‘सर्व जुन्या संगणकांना चालेल’ म्हणून विकलेली रॅम आणि आतून बदललेली एसएसडी: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: न चालणाऱ्या तीन रॅम स्टिक व वर्णनाशी न जुळणारी एक एसएसडी परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत, तसेच संकेतस्थळावरील चुकीची माहिती दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

सोबतच्या बिलानुसार तुमच्याकडून पुढील माल घेतला आहे: डेस्कटॉपसाठी ८ जीबीच्या दोन डीडीआर-३ १६०० रॅम स्टिक, लॅपटॉपसाठी ८ जीबीची एक स्टिक आणि ४८० जीबीची अडीच इंची साटा जोडाची एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी फ्लॅश चिप असलेली ड्राइव्ह). डेस्कटॉपमध्ये इंटेल एच-६१ चिपसेटचा दोन स्लॉटचा बोर्ड आणि तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर आहे. लॅपटॉप चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा आहे. सगळा माल तुमच्या ‘तुमचा संगणक निवडा’ या सोयीत नेमके मॉडेल निवडून, तिथे ‘चालेल’ अशी हिरवी खूण आल्यावरच मागवला होता.

तिन्ही रॅम स्टिक या यंत्रांत चालत नाहीत. एसएसडी चालते, पण तुमच्या विक्रीच्या पानावर जिचे वर्णन आहे ती ही नव्हे. मदत केंद्राकडून या सगळ्यावर एकच उत्तर आले: बायॉस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट करा आणि स्टिकचे पाय (कडेचे धातूचे संपर्क) खोडरबरने पुसा. कृपया हे पत्र रॅममधले कळणाऱ्या माणसासमोर ठेवावे, कारण दोष बायॉसमध्येही नाही आणि पायांवरच्या मळातही नाही.

आधी डेस्कटॉपचे. तुमची एक स्टिक लावली, दोन लावल्या, स्लॉट बदलले, बोर्डाची बॅटरी काढून सेटिंग मूळपदावर आणले, तरी फरक नाही. पंखा फिरतो, बीप वाजतात, पडदा काळाच राहतो. याच बोर्डावर आधीची ४ जीबीची स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये व्यवस्थित चालते. म्हणजे बोर्ड, स्लॉट आणि प्रोसेसर ठीक आहेत. तुमच्या त्याच दोन स्टिक एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या एएम-३ प्लस बोर्डावर लावल्या, तर प्रत्येकी पूर्ण ८ जीबी दिसतात आणि मेमटेस्ट८६ प्लस या रॅम तपासणीच्या साधनात रात्रभर एकही चूक येत नाही. म्हणजे स्टिकही बिघडलेल्या नाहीत. त्या फक्त एएमडीवर चालणाऱ्या प्रकारच्या आहेत, आणि हे पानावर कुठेही लिहिलेले नाही.

त्या एएमडी यंत्रावर लिनक्समधल्या डीकोड-डिम्स या साधनाने स्टिकच्या एसपीडी चिपमधली (स्टिकची रचना संगणकाला कळवणारी छोटी चिप) नोंद वाचली. सातव्या बाइटमध्ये ०० आहे, म्हणजे एक रँक (एका वेळी मिळून काम करणारी चिपची रांग) आणि प्रत्येक मेमरी चिप ४ बिट रुंदीची. पाचव्या बाइटमध्ये २२ आहे, म्हणजे १६ रो आणि ११ कॉलम पत्ते. डेस्कटॉपसाठीच्या नेहमीच्या ८ जीबी स्टिकवर या जागी ०९ आणि २१ असते: दोन रँक, ८ बिटांच्या चिप, १० कॉलम. दोन्ही प्रकारांत चिप १६च असतात, त्यामुळे नुसत्या मोजून काही कळत नाही. एकीत १६ चिप गुणिले ४ बिट मिळून ६४ बिटांची एकच रांग होते. दुसरीत ८ चिप गुणिले ८ बिट अशा ६४ बिटांच्या दोन रांगा होतात.

इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये ८ आणि १६ बिट रुंदीच्याच चिप चालतील असे नमूद आहे. ४ बिटांच्या चिप मुख्यतः सर्व्हरच्या रॅमसाठी बनतात. या पिढीत मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) बोर्डावर नसून प्रोसेसरच्या आत असतो. जे प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच नाही, ते बायॉसची कुठलीही आवृत्ती घालून आणता येत नाही. शिवाय पडदाच उजळत नसलेल्या यंत्रावर बायॉस अपडेट करायला सांगणे म्हणजे काय, हेही मदत केंद्राने एकदा स्पष्ट करावे.

स्टिकवरच्या लेबलवर ‘८ जीबी डीडीआर-३ १६००’ एवढेच छापले आहे. चांगल्या लेबलवर ‘२आर एक्स ८ पीसी३-१२८००यू’ असे काहीतरी असते. त्यातल्या पहिल्या तुकड्यावरून रँक आणि चिपची रुंदी कळते, शेवटच्या अक्षरावरून स्टिक साधी की सर्व्हरची ते कळते. तुम्ही नेमका पहिला तुकडाच गाळला आहे. वर लाल रंगाचे उष्णता पसरवणारे पत्रे चिकटवले आहेत, म्हणून चिपवरचा क्रमांकही वाचता येत नाही. १६०० वेगाच्या डीडीआर-३ला त्या पत्र्यांची गरज नसते. इथे त्यांचा उपयोग झाकण्यापुरताच झाला आहे.

तुमची निवड-सोय फक्त डीडीआरची पिढी आणि कमाल क्षमता पाहते असे दिसते. जुन्या यंत्रांत एवढ्याने भागत नाही. कोअर मालिकेच्या पहिल्या पिढीचे डेस्कटॉप साधारणपणे एका स्लॉटला ४ जीबीपर्यंतच घेतात, कारण त्यांना २ गिगाबिटपेक्षा मोठी चिप ओळखता येत नाही. त्याहून जुन्या जी-४१ चिपसेटच्या बोर्डांवर तर ४ जीबीची स्टिकही १६ चिपवालीच लागते. ८ चिपवाली लावली की अर्धी दिसते किंवा यंत्र सुरूच होत नाही. सर्व्हरची रजिस्टर्ड (संकेत आधी धरून पुढे पाठवणारी जास्तीची चिप असलेली) डीडीआर-३ स्टिक साध्या स्लॉटमध्ये नीट बसते, कारण पाय २४० आणि खाचही त्याच जागी. मात्र साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. वापरलेल्या स्वस्त मालात हीच सर्वांत जास्त फिरते आणि तुमच्या पानावर तीसुद्धा ‘डेस्कटॉप रॅम’ या मथळ्याखाली आहे. ही सगळी माहिती बोर्डांच्या माहितीपुस्तिकांत मिळते, ती तुमच्या यादीत भरणे अशक्य नाही.

लॅपटॉपची गोष्ट याहून सोपी आहे, म्हणून याहून अधिक अक्षम्य. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल लागते. पानाचा मथळा ‘डीडीआर-३/डीडीआर-३एल लॅपटॉप रॅम’ असा आहे. आलेल्या स्टिकवर ‘पीसी३-१२८००एस’ आहे, ‘पीसी३एल’ नाही. एसपीडीच्या सहाव्या बाइटमध्ये ०० आहे, म्हणजे फक्त १.५ व्होल्ट, डीडीआर-३एलला तिथे ०२ असते. लॅपटॉप तिच्यावर सुरू होत नाही, दिवा लागतो आणि विझतो. मथळ्यातल्या तिरप्या रेघेने ग्राहकाने काय समजायचे होते? डीडीआर-३एल स्टिक १.५ व्होल्टच्या जुन्या लॅपटॉपमध्येही चालते, उलटे मात्र चालत नाही. त्यामुळे लॅपटॉपसाठी फक्त ‘एल’वाला माल ठेवलात तरी या प्रकारच्या बहुतेक तक्रारी आपोआप थांबतील.

आता एसएसडी. तुमच्या बाजूचे आधी लिहितो. ड्राइव्हची क्षमता खरी आहे: एफ-३ या क्षमता तपासणाऱ्या साधनाने पूर्ण भरून परत वाचली, सगळे तंतोतंत जुळले. विंडोजमध्ये ४८०च्या जागी ४४७ दिसतात, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. सलग वाचन सेकंदाला साधारण २७० एमबीवर थांबते, तोही ड्राइव्हचा दोष नाही. एच-६१वर साटाचे ३ गिगाबिटचेच पोर्ट असतात आणि ड्राइव्हची माहिती दाखवणारे स्मार्टसीटीएल हे साधनही चालू जोड ३ गिगाबिट असल्याचेच दाखवते. जुन्या यंत्राला एसएसडीचा खरा फायदा विखुरलेल्या लहान फायली वाचताना होतो. तिथे ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला नुसती चकती फिरून योग्य जागी येण्यातच सरासरी ४ मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो, हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. तो फायदा इथे मिळतो, याबद्दल तक्रार नाही.

तक्रार अशी की पानावर ‘टीएलसी नँड, डीरॅम कॅशसह, २०० टीबीडब्ल्यू’ लिहिले आहे, म्हणजे एका पेशीत तीन बिट ठेवणारी फ्लॅश, ड्राइव्हच्या नोंदींसाठी वेगळी जलद मेमरी आणि एकूण २०० टेराबाइट लिहिण्याची हमी. फ्लॅशची ओळख वाचणाऱ्या साधनात आलेल्या ड्राइव्हमध्ये क्यूएलसी नँड आणि डीरॅम नसलेला कंट्रोलर दिसतो. डब्यातल्या वॉरंटी कार्डावर १०० टीबीडब्ल्यू छापले आहे. मॉडेलचे नाव, डबा, बारकोड तोच. फर्मवेअरची आवृत्ती मात्र तुमच्या पानावरील छायाचित्रातल्या लेबलपेक्षा वेगळी.

फरक कागदापुरता नाही. ड्राइव्ह पूर्ण पुसून सलग लिहायला घेतली, तर पहिले सुमारे ४० जीबी सेकंदाला २६० एमबीने जातात आणि मग वेग ५५ ते ६५वर कोसळतो. तापमान तेव्हा ४१ अंश होते, म्हणजे गरम होऊन मंदावण्याचा प्रश्न नाही. क्यूएलसीच्या एका पेशीत चार बिट लिहावे लागतात, म्हणून ड्राइव्ह आधी काही भाग एक-बिट पद्धतीने वापरून वेग दाखवते. तो भाग भरला की खरा वेग उघडा पडतो. याच यंत्रातली जुनी हार्ड डिस्क सलग लिहिताना ११० एमबी देते. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर उतरवताना ग्राहकाला नेमके हेच दिसणार आहे: सुरुवातीला वेगाने, मग जुन्या डिस्कच्या निम्म्या वेगाने. कमी किमतीत क्यूएलसी विकायला कोणाचाच आक्षेप नाही. नुसती प्रणाली आणि कार्यालयीन कामे ठेवायला ती पुरते, आणि तसे लिहिले असते तर कदाचित तीच घेतली असती. एकाच नावाखाली आतला माल बदलणे याला मात्र फसवणूकच म्हणावे लागते.

ड्राइव्हसोबतच्या सूचनापत्रकाबद्दलही दोन शब्द. त्यात ‘दरमहा डीफ्रॅगमेंट करावे’ (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावावेत) असे छापले आहे. हार्ड डिस्कच्या पत्रकातला मजकूर उचलून इथे लावलेला दिसतो. एसएसडीवर त्याचा फायदा नाही, उगाच लिहिण्याची झीज होते. जुन्या यंत्रावर खरोखर लागणाऱ्या दोन गोष्टी पत्रकात नाहीतच. पहिली: बायॉसमध्ये साटाची पद्धत ‘आयडीई’ ही जुनी असेल तर ती ‘एएचसीआय’ ही नवी करावी, पण त्याआधी विंडोजमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर चालू करून घ्यावा, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. दुसरी: विंडोज एक्सपीच्या काळात केलेले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होते. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६, आणि याला ४,०९६ने भाग जात नाही. असे पार्टिशन तसेच उतरवले की ४ केबीचे प्रत्येक लेखन फ्लॅशच्या दोन पानांवर सांडते. उतरवताना सुरुवात २०४८व्या सेक्टरवर आणावी, एवढे एक वाक्य पुरले असते.

तुमची निवड-सोय याच एच-६१ बोर्डासाठी एनव्हीएमई ड्राइव्ह (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी जलद एसएसडी) आणि पीसीआय एक्सप्रेस अडॅप्टरचा जोडसंच ‘झटपट सुरू होण्यासाठी’ म्हणून सुचवते. तो घेतला नाही, पण इतरांसाठी सांगणे भाग आहे: त्या काळातल्या बहुतेक बोर्डांच्या बायॉसमध्ये एनव्हीएमईवरून सुरू होण्याची सोयच नाही. ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसेल, फायली ठेवता येतील, पण संगणक तिच्यावरून सुरू होणार नाही.

परतीबाबत तुमच्या प्रतिनिधीने लेखी कळवले आहे की पाकीट उघडलेला माल परत घेतला जात नाही, आणि घेतलाच तर हाताळणी शुल्क कापले जाईल. स्टिकचे लेबल बंद पाकिटात आतल्या बाजूला असते, एसपीडी स्लॉटमध्ये लावल्याशिवाय वाचता येत नाही. पाकीट न उघडता हा माल तपासण्याचा कुठलाही मार्ग तुम्ही ग्राहकाला ठेवलेला नाही. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर शुल्क कापण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

माझी मागणी अशी: चारही वस्तू तुमच्या खर्चाने परत न्याव्यात आणि पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी. रॅमच्या बदल्यात रॅम द्यायची असल्यास ती डेस्कटॉपसाठी ‘२आर एक्स ८, साधी, रजिस्टर नसलेली’ आणि लॅपटॉपसाठी ‘पीसी३एल-१२८००एस’ अशीच हवी, आणि पाठवण्यापूर्वी लेबलचे छायाचित्र मिळावे. ‘तत्सम’ माल स्वीकारला जाणार नाही. एसएसडीच्या बदल्यात एसएसडी नको.

त्यासोबत विक्रीच्या पानावर रॅमची रँक, चिपची रुंदी, व्होल्टेज आणि साधी की रजिस्टर्ड या चार गोष्टी, तर एसएसडीसाठी नँडचा प्रकार, डीरॅम आहे की नाही आणि टीबीडब्ल्यू लिहावे. फक्त एएमडीवर चालणाऱ्या स्टिक विकायच्याच असतील तर तसे मथळ्यातच लिहून विकाव्यात. एएमडीच्या जुन्या बोर्डांसाठी त्या स्वस्त आणि चांगल्या आहेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास हेच पत्र सर्व पुराव्यांसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाखल करण्यात येईल. तोपर्यंत माल मूळ पाकिटांसह जपून ठेवला आहे. तपासणीसाठी तुमचा तंत्रज्ञ येणार असेल तर त्याने किमान एक इंटेल आणि एक एएमडी बोर्ड सोबत आणावा.

आपला,
ग्राहक

सोबत:
१. बिलाची प्रत आणि निवड-सोयीतील ‘चालेल’ या निकालाचे पडदाचित्र
२. तिन्ही रॅम स्टिकच्या लेबलांची छायाचित्रे व एसपीडीची पूर्ण नोंद
३. एएमडी बोर्डावरील मेमटेस्टच्या निकालाचे छायाचित्र
४. एसएसडीच्या लेखनवेगाचा आलेख, स्मार्ट नोंद, विक्रीच्या पानाची छापील प्रत व वॉरंटी कार्ड
५. मदत केंद्राशी झालेला पत्रव्यवहार