बाबा, मशीन घेताना आधी बॅटरी बघा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आठ हजारांच्या आत रोजच्या कामाला बॅटरीची कोणती ड्रिल मशीन घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. फोनवर आकडे निसटतात, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, बाबा बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात, जायला निघतील तेव्हा हा कागद त्यांच्या पिशवीत आठवणीने घाल.

माझं मत आधीच सांगते. 12 व्होल्टची, 30 न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असलेली मशीन घ्या, पण दोन बॅटऱ्यांसकट. त्याच पैशांत 18 व्होल्टची एका बॅटरीची मिळत असली तरी ती नको. तुमचं काम म्हणजे किचनच्या ट्रॉल्या, कपाटं, बिजागऱ्या, चॅनल. 18 मिमी प्लायमध्ये 8 नंबरचा दीड इंची स्क्रू बसवायला एवढी ताकद पुरून उरते. शिवाय ही मशीन बॅटरीसकट किलोभराच्या आसपास असते, 18 व्होल्टची सहसा दीड किलोच्या आसपास जाते. वरच्या कपाटात हात उंच धरून बिजागरी लावताना हा अर्धा किलो तुमच्या खांद्याला जाणवणार. आणि एकच बॅटरी असली की ती उतरल्यावर काम थांबलं, गिऱ्हाइकाच्या घरी प्लग शोधत बसायचं.

दुकानात डब्यांवर 48, 88 असले मोठाले आकडे दिसतील. त्यांना भुलू नका. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2 चा. तीन सेल जोडले की 10.8 होतात, भरल्यावर 12.6, तीच ‘12 व्होल्ट’ मशीन. पाच सेल म्हणजे 18, भरल्यावर 21. म्हणून एकाच ताकदीच्या बॅटरीवर कुणी 18 लिहितं, कुणी 20, कुणी 21. खऱ्या 48 व्होल्टला 13 सेल लागतील. मशीनमध्ये सहसा वापरतात तो सेल साधारण 45 ग्रॅमचा असतो, म्हणजे नुसते सेलच पावणेसहाशे ग्रॅमचे होतात. ती डब्यावरची ‘48’ ची बॅटरी हातात घेतलीत की फरक लगेच कळेल. आत सहसा तीन नाहीतर पाचच सेल असतात.

बॅटरीच्या लेबलवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर, दोन्ही वाचा आणि गुणाकार करा. 10.8 गुणिले 2 म्हणजे 21.6 वॉट-अवर. हीच टाकीतली खरी शिल्लक. एकाच मशीनचा संच कधी 1.5 अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांसह येतो, कधी 2 च्या, आणि किमतीतला फरक तिथेच असतो. चार्जरवरचा अँपिअरही बघा. 2 च्या बॅटरीला 1 अँपिअरचा चार्जर दोन तासांहून जास्त घेतो, 2 अँपिअरचा तासभराच्या थोडं वर. एक बॅटरी उतरेपर्यंत दुसरी भरली पाहिजे, नाहीतर दोन घेऊन उपयोग नाही.

ब्रशलेस, म्हणजे कार्बनचे ब्रश नसलेली, मोटर बजेटात बसली तर जरूर घ्या. कार्बन नसल्याने घर्षण कमी, तापणं कमी, त्याच बॅटरीत स्क्रू जास्त. पण ब्रशलेससाठी दुसरी बॅटरी सोडू नका. कार्बनवाली घेतलीत तर एवढं विचारा की कार्बन बाहेरून बदलता येतात का. बऱ्याच लहान मशीनमध्ये मोटर बंद डबीसारखी येते, कार्बन झिजले की अख्खी मोटर बदलावी लागते. ती मोटर आणि ट्रिगरचा स्विच पुण्यात सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

पुढे बॅटरीची जिगसॉ घ्यायचा विचार असेल तर बॅटरीचं घराणंही बघा. व्होल्ट सारखे म्हणजे बॅटरी बसेलच असं नाही. बॉशच्या हिरव्या 18 व्होल्टच्या बॅटऱ्या निळ्या मशीनला बसत नाहीत. मकिताच्या जी मालिकेच्या बॅटऱ्या त्यांच्याच एलएक्सटी मालिकेच्या मशीनला बसत नाहीत, दोन्हींवर 18 च लिहिलेलं असतं.

आता दुकानातली तपासणी. सोबत सरळ, लांब 6 मिमीचा बिट न्या. चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, घट्ट बसवा, ट्रिगर अगदी हळू दाबा आणि बिटच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी फिरलं पाहिजे. हवेत छोटं वर्तुळ काढत असेल तर चक किंवा त्यामागचा दांडा वाकडा आहे, ती मशीन परत करा. मग ट्रिगर एकदम सोडा. चक तिथल्या तिथे थांबला पाहिजे. दाब वाढवाल तसा वेगही हळूहळू वाढायला हवा. सुरुवातीलाच झटका देत असेल तर पार्टिकल बोर्डात स्क्रू तुम्हाला आवरणार नाही. बिलावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. आई, ते बिल तुझ्याकडे ठेव, बाबांच्या खिशात नको.

वापराबद्दल तुम्हाला शिकवायचं नाही, गिरमिटापासून तुमचा हात बसलेला आहे. पण दुरुस्तीला उघडलेल्या मशीनमध्ये तेच ते बिघाड दिसतात, म्हणून लिहिते. वरचं गिअरचं बटण मशीन फिरत असताना कधी सरकवू नका, दात तिथेच तुटतात. स्क्रूला आणि बिजागरीच्या 35 मिमीच्या भोकाला 1 नंबरचा गिअर, बारीक भोकांना 2. पुढची आकड्यांची कडी, जी ठरलेला जोर लागला की चक सोडते, ती बिजागरीच्या 16 मिमी स्क्रूला 4-5 वर ठेवून सुरुवात करा; स्क्रू पूर्ण बसण्याआधी कटकट आवाज आला तर एकेक घर वाढवा. कडी ड्रिलच्या खुणेवर ठेवून स्क्रू मारलात की पार्टिकल बोर्डात आटे सुटलेच. सागवानी किंवा साल लाकडाच्या चौकटीत 8 नंबरच्या स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक पाडा. सगळ्यात महत्त्वाचं, मशीन अडकून थांबली की ट्रिगर तत्क्षणी सोडा. थांबलेली मोटर सर्वात जास्त करंट ओढते आणि पंखा बंद असल्याने आत हवाही जात नाही. काही सेकंदांत वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरच्या तारांच्या, जळण्याचा वास येतो, मग ती मोटर गेली.

भिंतीसाठी हॅमरची खूण असलेली मशीन घेतलीत तरी ती फक्त विटेला, 6 ते 8 मिमीपर्यंत. तिच्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, जोर तुमच्या हाताचाच असतो. तुमच्या वायरवाल्या रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने ठोका मारतो, म्हणून काँक्रीटला तोच. ओळखायचं कसं, तर भुकटीवरून. आधी प्लास्टरची करडी भुकटी येईल. दोनेक सेंटिमीटरनंतर लाल आली तर वीट, चालू द्या. करडीच येत राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर बीम किंवा कॉलम आहे, तिथेच थांबा.

आई, बॅटऱ्यांचं तूच बघ. कामावरून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जरला लावू देऊ नकोस, हाताला गार लागली की लाव. ओट्यावर गॅसजवळ किंवा अंथरुणावर चार्जर नको, फरशीवर मोकळ्या जागी ठेव. दुपारी गाडीच्या डिकीत बॅटरी राहिली तर उन्हाने ती फार लवकर म्हातारी होते, हे बाबांना रोज सांगावं लागेल. गणपतीत आठ-दहा दिवस काम बंद असेल तेव्हा पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, अर्धीच असू दे.

पीएच 2 चे, म्हणजे प्लस आकाराच्या टोकाचे, चांगल्या कंपनीचे दहा बिट सोबत घ्या. झिजलेला बिट स्क्रूचं डोकं खातो आणि माणूस मशीनला दोष देतो. दुकानातून निघण्याआधी बॅटरीच्या लेबलचा फोटो मला पाठवा, मी बघून लगेच सांगते.

तुमची लेक