पोत्यांचे वजन नको, पोत्यांत काय होते ते छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारच्या अंकात आमच्या स्वच्छता मोहिमेचे छायाचित्र आले होते. रांगेत उभे स्वयंसेवक, पुढ्यात तोंड बांधलेली पोती आणि मथळ्यात टनांचा आकडा. त्या रांगेत डावीकडून चौथी मी. छायाचित्र पाहून बरे वाटले, कापून ठेवलेही. पण बातमी वाचल्यापासून एक रुखरुख लागून राहिली आहे. एवढ्या पोत्यांत होते काय, हे बातमीत कुठेच नव्हते.

मी 34 वर्षे हिशेब लिहिण्याचे काम केले. निवृत्तीनंतर या गटात आले, त्याला 5 वर्षे झाली. गट लहान आहे. कधी 12 माणसे, कधी 20. महिन्यातून एकदा ओढ्याच्या एकाच ठरलेल्या पट्ट्यात आम्ही काम करतो, 100 पावलांचा पट्टा, दर वेळी तोच. माझे गुडघे दुखतात म्हणून मला पाण्यात उतरू देत नाहीत. मी काठावर वही घेऊन बसते. आतून आवाज येतात, “झाकणं तीन!”, “पुडी, पुडी, अजून एक पुडी!” मी रेघा मारते, चार उभ्या आणि पाचवी आडवी. बाकीचे कचरा उचलतात, मी तो लिहून घेते.

हिशेबाच्या माणसाला टनाचा आकडा का खटकतो ते सांगते. ओढ्यातून काढलेली एक भिजलेली गादी चार माणसांना उचलत नाही. कापडी चिंध्यांत पाणी असते, बाटल्यांत गाळ असतो, पिशव्यांत नुसता चिखल. हे सगळे काट्यावर चढते. उलट दिवसभर वाकून वेचलेल्या पुड्यांचे वजन त्या गादीच्या पासंगालाही पुरत नाही. एखाद्या महिन्यात गादी सापडली नाही, तर आकडा उतरतो आणि कचरा कमी झाला असे वाटते. माझ्या वहीत मात्र पुड्यांच्या रेघा तेवढ्याच असतात.

या पुड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण काठावर बसून मी सर्वांत जास्त रेघा त्यांच्याच मारल्या आहेत. शाम्पूची, साबणाची, सुपारीची, कसलीही एका वेळची पुडी. ती उघडताना आपण एक कोपरा फाडतो. नखाएवढा तिकोनी तुकडा. पुडी निदान कचऱ्याच्या डब्यात जाते. कोपरा कुठे गेला हे कुणाच्या लक्षातही नसते. तो झाडलोटीतून किंवा न्हाणीच्या मोरीतून गटारात जातो आणि गटारातून ओढ्यात. आमच्या पट्ट्यात एका झाडाची मुळे पाण्यात लोंबतात, केसांसारखी बारीक. त्या मुळांत हे कोपरे आणि फाटक्या पिशव्यांच्या पट्ट्या अशा गुंतलेल्या असतात, की मूळ कुठले आणि प्लास्टिक कुठले ते बोटांनीच कळते. आम्ही ओढत नाही. ओढले तर मुळे तुटतात आणि काठ ढासळतो. छोट्या कात्रीने एकेक पट्टी कापून काढावी लागते. हातभर मुळे मोकळी करायला अर्धा तास सहज जातो. एकदा अशाच एका पट्टीला चतुराची कात चिकटलेली सापडली. चतुराची अळी पाण्यात वाढते, मोठी झाली की गवताच्या काडीवर चढून बाहेर येते आणि पाठीवर उलून उडून जाते. मागे उरते ती पोकळ कात, सहाही पायांनी घट्ट धरलेली. या अळीने काडी म्हणून प्लास्टिकची पट्टी धरली होती. आमच्यातल्या शाळकरी मुलीने ती पट्टीसकट काडेपेटीत ठेवली. ती काडेपेटी अजून माझ्या कपाटात आहे.

वहीतून दुसरी गोष्ट कळली ती झाकणांची. सुरुवातीला मी बाटल्या आणि झाकणे एकाच रकान्यात लिहीत असे. मग वेगळी लिहायला लागले, तर झाकणे बाटल्यांपेक्षा कितीतरी जास्त. कारण साधे आहे. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असते. झाकण उघडे असले की बाटली भरते आणि तळाला जाते. झाकणाचे प्लास्टिक वेगळे, पाण्यापेक्षा हलके. ते तरंगते, दूर जाते, काठाला लागते. शिवाय बाटली भंगारात घेतली जाते, म्हणून ती ओढ्यापर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी कष्टाचा माणूस उचलतो. पुडीला भंगारात कुणी विचारत नाही. तिच्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि चंदेरी पत्र्याचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करून परत वापरणे परवडत नाही. ज्याला मोल आहे ते ओढ्यात कमी सापडते, हे मी वहीतून शिकले. जर्मनीत 2003 पासून पेयाच्या बाटलीवर अनामत घेतात, रिकामी बाटली परत केली की पैसे परत. तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात.

मोजण्याची ही कल्पना माझी नाही. 1986 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मरानिस आणि कॅथी ओहारा यांनी लोकांना कचरा वेचायला बोलावले, तेव्हा प्रत्येकाच्या हाती पोत्याबरोबर एक नोंदपत्रही दिले. सुमारे 2,800 लोक आले. काय उचलले ते प्रत्येकाने लिहायचे. त्यातूनच दर सप्टेंबरमध्ये होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली, आणि नोंदपत्राची पद्धत आजही चालू आहे. सिगारेटची थोटके वर्षानुवर्षे त्या यादीत सर्वांत वर राहिली, हे या नोंदींमुळेच जगाला कळले. थोटकातला तो पांढरा भाग पुष्कळांना कापूस वाटतो. तो प्लास्टिकचा धागा असतो. मलाही हे साठीनंतर कळले.

नोंदी करून पुढे काय होते, असे आमच्या गटातही विचारतात. युरोपीय संघाने 2019 मध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर नियम केला, तेव्हा कोणत्या वस्तूंना हात घालायचा हे किनाऱ्यांवरच्या मोजणीवरून ठरवले. सर्वांत जास्त सापडणाऱ्या 10 वस्तू आणि मासेमारीचे साहित्य. जुलै 2021 पासून तिथे प्लास्टिकच्या काड्यांचे कानकोरणे, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या आणि पेय प्यायच्या नळ्या विकायला बंदी आली. जुलै 2024 पासून पेयाच्या बाटलीचे झाकण उघडल्यावरही बाटलीलाच लटकलेले राहिले पाहिजे, असा नियम झाला. माझ्या वहीतला झाकणांचा रकाना मला त्या दिवशी फार मोठा वाटला. किनाऱ्यावर वाकून झाकणे मोजणाऱ्या कुणा अनोळखी माणसांच्या रेघांनी एका खंडातल्या बाटल्यांची घडण बदलली. टनाच्या आकड्याने हे झाले नसते.

आता घरातले. वहीत पुड्या भरायला लागल्यावर मी आठवडाभर आमच्या घरचा सुका कचराही लिहून काढला. मला वाटत होते आमचे घर काटकसरीचे. पण वहीतल्या पहिल्या पाचांपैकी चार वस्तू आमच्या डब्यात होत्या. काठावर बसून मी ज्यांच्या नावाने रेघा मारत होते, त्यांत आम्हीही होतो, याची मला खरोखर लाज वाटली. पुड्या बंद केल्या, वडी आणि मोठी बाटली आणतो. पाकीट उघडताना कोपरा पूर्ण तोडत नाही, लोंबता ठेवतो. एवढ्याशा सवयीने तो कोपरा पुडीबरोबरच डब्यात जातो. कानकोरणी आणि एकदा पुसून फेकायचे ओले रुमाल (वाइप्स) शौचकूपात टाकायचे नाहीत, हे नातवंडांना भिंतीवर लिहून दिले. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे सोडले. ओल्याने माखलेला सुका कचरा कुणी वेचत नाही, त्याचा शेवट ठरलेलाच. पुनर्वापरावर फार भरवसा ठेवू नये असेही मला वाटते. 1950 ते 2015 या काळात जगात जो प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला जेमतेम 9 टक्के पुन्हा कामी आला. म्हणजे वस्तू घरात येण्याआधीच विचार करायला हवा.

एक तक्रारही आहे. मागच्या एका मोहिमेला आम्हाला प्रत्येकी छापील बंडी, नवी कापडी पिशवी आणि पाण्याची छोटी बाटली मिळाली. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, म्हणून नाव लिहीत नाही. पण इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने 2011 मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, सुती पिशवी 131 वेळा वापरली तर हवामानावरच्या भाराच्या बाबतीत ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. माझ्या घरी अशा मोहिमांच्या 14 पिशव्या आहेत. घरून पाणी आणि जुना सदरा आणायला सांगितले असते तरी सगळे आले असते.

त्याहून मोठी गोष्ट पोत्यांची. त्याच मोहिमेनंतर भरलेली पोती न्यायला गाडी येणार होती. ती आठ दिवस आली नाही. कुत्र्यांनी पोती फाडली, मग पाऊस झाला. एका लाल झाकणावर मुलांनी खडूने डोळे काढावेत तसे ओरखडे होते, म्हणून ते ओळखीचे झाले होते. पुढच्या खेपेला तेच झाकण मी पुन्हा वहीत लिहिले. तेव्हापासून गाडी काठाला लागल्याशिवाय आम्ही पहिले पोते भरत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. यापुढे अशी बातमी देताना आपल्या वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या पाच वस्तू सर्वांत जास्त निघाल्या? त्याच जागी मागच्या वेळी काय निघाले होते? आणि पोती कुठे गेली? छायाचित्र थोडे लहान झाले तरी आमची हरकत नाही. जे वाचक मोहिमेला जातात त्यांनी जाड हातमोजे आणि चिमटा न्यावा, सुईला हात लावू नये, पावसानंतर पाण्यात उतरू नये, पालापाचोळा आणि पडलेली लाकडे जागीच राहू द्यावीत. आणि एकाला तरी काठावर वही घेऊन बसवावे. पाण्यात उतरता न येणाऱ्या माझ्यासारख्यांना ते काम सहज जमते.

गेल्या खेपेच्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे. कागद ओला झाल्याने काही रेघा पसरल्या आहेत, पण मोजणी दोनदा तपासलेली आहे. जागा असेल तर वरच्या पाच ओळी छापाव्यात.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस