दुष्काळातही चालणारी वीज

अपारंपरिक ऊर्जेची चर्चा आपल्याकडे बहुधा कार्बन उत्सर्जन घटवण्यापुरतीच होते. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याचे साधन म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. या दृष्टीने केनियाचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. तेथील वीज दीर्घकाळ प्रामुख्याने ताना नदीवरील धरणांवर अवलंबून होती आणि १९९९-२००० च्या दुष्काळात जलाशय आटल्यामुळे देशाला कठोर भारनियमन सोसावे लागले. म्हणजे जलविद्युत स्वच्छ असली, तरी पाऊस लहरी झाला की तीच सर्वांत आधी डळमळते. केनियाने त्यानंतर रिफ्ट खोऱ्यातील ओल्कारिया येथे, जिथे १९८१ पासून भूगर्भातील वाफेवर वीजनिर्मिती होत होती, भूगर्भातील उष्णतेचा वापर मोठ्या प्रमाणावर वाढवला आणि आज देशाच्या विजेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वीज याच स्रोतातून मिळते. ही वाफ वर आणण्यासाठी खोल विहिरी खोदण्याचा खर्च आणि त्यातील जोखीम मोठी असते, हे खरे. पण ही वाफ पावसाची वाट पाहत नाही.

आपल्याकडे अशी भूगर्भरचना सर्वत्र नाही, त्यामुळे केनियाची नक्कल करा, असे सुचवण्याचा हेतू नाही. मात्र कोयनेसारखा १,९६० मेगावॉटचा प्रकल्पही अखेर पावसावरच चालतो आणि पावसाने ओढ दिलेल्या वर्षी तेच पाणी सिंचनालाही हवे असते. अशा वर्षी दिवसा सौरऊर्जा वापरून धरणातील पाणी संध्याकाळच्या वाढत्या मागणीसाठी राखण्याचे नियोजन राज्याने जाहीरपणे मांडावे.

– एक वाचक, सातारा