बाटलीवर कोरफडीचं चित्र असलं म्हणून काखेची आग थांबत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत उन्हाळा आणि घाम यावर पानभर आलं होतं, ते मी लोकलमध्येच वाचलं, आणि त्यात शेवटी एकच ओळ होती की अँटिपर्स्पिरंटने, म्हणजे घाम रोखणाऱ्या रोल-ऑन वगैरेने, काखेत आग होत असेल तर कोरफड, कॅमोमाइल असं सूदिंग काहीतरी घातलेलं घ्या. बास, एवढंच. मी नेमकं तेच करून महिनाभर भोगलंय म्हणून लिहायला बसले, थोडं लांबलं तर कात्री लावा.

मी डोंबिवलीची, रोज फोर्टला ऑफिसला. बसायला मिळालं तर नशीब, नाहीतर सव्वा तास हात वर करून कडी धरायची, आणि एप्रिल-मेमध्ये त्या गर्दीत आपल्या घामाचा वास दुसऱ्याला येऊ नये एवढीच बाईमाणसाची इच्छा असते. तर माझा क्रम असा की सकाळी घाईघाईत आंघोळ, आंघोळीतच रेझर, अंग धड पुसलंही नाही तोवर रोल-ऑन, आणि रिक्षासाठी पळत सुटायचं. बाटली हिरवी, वर कोरफडीचं पान आणि पानावर दवाचा थेंब. मुंब्र्यापर्यंत चुणचुण सुरू व्हायची आणि घाटकोपर येईस्तोवर मिरची लावल्यासारखी आग, हात खाली घ्यावा तर कडी सुटते आणि वर ठेवावा तर जीव जातो. पंधरा दिवसांत कातडी काळपट पडली आणि कांद्याच्या सालासारखे पापुद्रे निघायला लागले. त्यात बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की लिंबू आणि खायचा सोडा लावा, नैसर्गिक आहे. लावलं. हसू नका. आपली त्वचा मुळात किंचित आम्लाकडे झुकलेली असते आणि सोडा पडतो उलट्या बाजूला, आणि वर सोललेल्या कातडीवर लिंबू, त्या रात्री मी पंख्याखाली दोन्ही हात वर करून पोलिसांनी पकडल्यासारखी बसले होते.

मग गेले स्किनच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी काख बघितलीच नाही, बाटली मागितली, उलटी केली आणि मोबाइलचा टॉर्च मारून बुडाजवळची ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. म्हणाले, यादीत जे जास्त ते आधी असतं, एक टक्का किंवा त्याहून कमीवाले शेवटी कसेही लिहिले तरी चालतात, आता तुमची कोरफड कुठाय ती शोधा. परफ्यूमच्या मागे होती! वासाची द्रव्यं ही ॲलर्जीच्या मोठ्या कारणांपैकी एक, म्हणजे आग लावणारा पुढे बसलाय आणि विझवणारा मागच्या बाकावर.

दुसरा प्रश्न, शेव्ह कधी करता आणि हे लावता कधी? तिथेच सगळं कळलं. घाम रोखणारं काम करतात ॲल्युमिनियमचे क्षार, ते घामात विरघळून घर्मग्रंथीच्या तोंडाशी जेलीसारखं बूच बसवतात. पण त्यातलं ॲल्युमिनियम क्लोराइड पाण्याशी भेटलं की थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, हो, तेच शाळेच्या प्रयोगशाळेतलं, अर्थात फार कमी. कोरड्या धड कातडीला ते बहुतेक वेळा चालून जातं, पण रेझरने खरवडलेल्या ओल्या काखेत लावलं की आग होणारच, मग वर कोरफड असो नाहीतर गुलाबपाणी. ज्यांना फारच घाम येतो त्यांना डॉक्टर याच क्षाराचं २० टक्क्यांचं औषध देतात, तेसुद्धा रात्री झोपताना, अगदी कोरड्या काखेत लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं, कारण रात्री घाम कमी, बूच नीट बसतं. आपण सगळे मात्र सकाळी दाराशी चपला घालता घालता लावतो.

गंमत म्हणजे ॲसिडला आवर घालायचं खरं काम बाटलीवर ज्याचं चित्र नसतं तेच करतं. काही बाटल्यांत ॲल्युमिनियमसोबत झिर्कोनियम हा धातू असलेला क्षार असतो, त्याचं ते आगगाडीएवढं नाव असतं ना, त्याच्या शेपटाला "ग्लाय" लिहिलेलं असतं, ते म्हणजे ग्लायसीन, साधं अमिनो ॲसिड, जळजळ कमी व्हावी म्हणून घातलेलं. बाकी ग्लिसरीन, ॲलंटॉइन, पॅन्थेनॉल हे असले तर बरंच, कातडी मऊ राहते, मी त्यांच्या विरोधात नाही. पण कॅमोमाइलचं जपून. ते आपल्या शेवंतीच्या आणि गाजर गवताच्या कुळातलं, आणि गाजर गवताने अंगावर उठणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत, माझ्या सासूबाई त्यातल्याच, त्यांना शांत करणारं म्हणून कॅमोमाइल दिलं तर ते सोसेलच असं नाही. घरच्या कोरफडीचंही तेच, पान कापलं की आधी पिवळा चीक गळतो, तो अंगाला खाजतो, पान उभं ठेवून चीक निथळू द्यायचा आणि मग आतला पांढरा गर घ्यायचा, हे माझ्या आईला माहीत होतं, रील बनवणाऱ्यांना दिसत नाही.

आणि हो, तुरटी. बाबा दाढी झाली की गालावर तुरटीचा खडा फिरवायचे, आता तोच खडा छान डबीत घालून "ॲल्युमिनियम फ्री" म्हणून विकायला ठेवलेला मी पाहिलाय. अहो, तुरटी म्हणजेच पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट! वापरा खुशाल, पण फ्री कसलं?

माझं काय झालं तर रोल-ऑन दोन आठवडे पूर्ण बंद, सुती ब्लाउज, साध्या पाण्याने धुणं आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर. केमिस्टकडची ती तीन-चार औषधं एकत्र असलेली स्टिरॉइडची ट्यूब मी मनाने लावायला निघाले होते, डॉक्टर ओरडले, काखेची कातडी पातळ, आणखी पातळ होते आणि कायमचे पट्टे उमटतात. नंतर बिनवासाचं रोल-ऑन घेतलं, आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ लावून पाहिलं, आणि आता रात्री लावते, शेव्ह केली असेल त्या दिवशी सुट्टी. डॉक्टरांनी एक खूणही सांगितली, लाली काखेच्या मधल्या खड्ड्यात असेल तर बाटलीवर संशय घ्या, खड्डा सोडून कडेकडेने असेल तर कपड्याच्या रंगावर. घडीत ओलसर राहून खाज येत असेल तर मात्र बुरशीही असू शकते, तिथे कोरफड काय करणार.

तर साहेब, मागणी दोनच. कंपन्यांनी "रात्री लावा, कोरड्या कातडीवर लावा, शेव्हनंतर लगेच लावू नका" एवढं तरी मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात छापावं, पानाचं चित्र निम्मं केलं तरी जागा निघेल. आणि तुम्ही पुढच्या पुरवणीत तेच चौकटीत टाका. फर्स्ट लेडीजमध्ये माझ्या शेजारी उभ्या असणाऱ्या दोघींना मी तोंडी सांगितलंय, पण पुढच्या स्टेशनला त्या उतरतात आणि नव्या दोघी चढतात.

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)